चौथ्या दिवसाचा हिशेब

एन्डोमेट्रिओसिस या व्याधीविषयी आमच्या कोल्हापुरातील सुशिक्षित घरांतून जे बोलणे कानांवर येते, त्यातला खरा आक्षेप दुखण्यावर नसून दुखणे ओसरल्यानंतरच्या दिवसांवर असतो, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. ओटीपोटात कळ उठून बाई अंथरुणात गडबडा लोळू लागली, की घरातली माणसे गरम पाण्याची पिशवी आणतात, गोळी देतात, प्रसंगी रिक्षाही बोलावतात. कारण कळ हा सर्वांच्या डोळ्यांदेखतचा पुरावा असतो. परंतु कळ थांबली, न्हाणे झाले, आणि तरीही ती बाई पुढे चार-सहा दिवस जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून उभी राहू लागली, म्हणजे ‘आता काय झालं हिला?’ हा प्रश्न घरात कैफियत मागितल्याच्या सुरात विचारला जातो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात हा खटला मी समक्ष पाहिला आहे. पाळी संपून दोन दिवस झाले होते. पहिली भाकरी तिने नीट थापली, दुसरी काठाला चिरली, तिसऱ्या गोळ्याला हात घालण्यापूर्वीच ती पिठाच्या हातांनी भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “दुखत नाही गं अक्का आता. पण मी नुसता दमलोय बघ. मांड्या ठणकतात, अंगात रामच नाही.” (आमच्याकडील बायका स्वतःविषयी पुल्लिंगी बोलतात, याचे परगावच्या लोकांना मोठे कौतुक वाटते, मात्र पुरुषासारखे ‘दमलो’ म्हटल्याने पुरुषासारखे आडवे होण्याची मुभा मिळते, असा अनुभव नाही.) सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आम्ही चौथ्या दिवशी न्हाऊन धुण्याचं गाठोडं घेऊन पंचगंगेवर जात होतो.”

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. तो अनुभवाच्या बळावर उभा आहे, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. त्याला जोडूनच काही सनातनी स्नेही असेही सांगतात की, बाहेर बसण्याची जुनी चाल ही वस्तुतः स्त्रीला सक्तीची विश्रांती देणारी योजना होती व सुधारकांनी ती मोडून स्त्रीचेच नुकसान केले. मला हे अमान्य आहे. त्या चालीने मोजला तो विटाळ, थकवा नव्हे. ज्या दिवशी विटाळ फिटे, त्याच दिवशी तीन दिवसांचे साचलेले धुणे, सारवण आणि पाणी भरणे तिच्या अंगावर पडे. म्हणजे ज्या दिवशी शरीर सर्वांत रिते, नेमका तोच दिवस रूढीने सर्वांत जड करून ठेवला होता. पंचगंगेवर गाठोडे घेऊन ज्या गेल्या त्यांची साक्ष आपल्याला मिळते, कारण त्या गेल्या. ज्यांच्याने उठवले नाही, त्यांची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? त्यांना त्या काळी कुरकुरी म्हटले गेले, कामचुकार म्हटले गेले, आणि मूल झाले नाही तर वांझही म्हटले गेले.

शास्त्र काय सांगते ते येथे थोडक्यात सांगते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती या व्याधीत गर्भाशयाबाहेर, बीजकोषांवर, उदराच्या पडद्यावर, क्वचित आतड्यांवर वा मूत्राशयावर वाढते. मासिक रक्त उलट्या दिशेने उदरात उतरून हे घडत असावे, ही उपपत्ती अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी 1927 साली मांडली. ती सर्वस्वी पुरेशी ठरली नसली तरी अद्याप टिकून आहे. या ऊतीभोवती दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांस चिकटतात. दाहातून निर्माण होणारी द्रव्ये साऱ्या शरीराला, मेंदूलाही, तापातून उठल्यासारखी ग्लानी आणतात. कळांनी रात्रींची झोप मोडलेली असते. अतिस्रावाने रक्तातले लोह उतरते. आणि वारंवारच्या वेदनेने मज्जासंस्था इतकी हळवी होते की मूळ कळ शमल्यावरही कंबर नि मांड्या ठणकत राहतात. स्वित्झर्लंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील स्त्रियांची 2018 साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तीत वारंवार थकवा येण्याची तक्रार व्याधिग्रस्तांपैकी निम्म्या स्त्रियांनी केली, तर इतरांपैकी एक चतुर्थांशाहूनही कमी स्त्रियांनी. तेव्हा हा थकवा म्हणजे व्याधीचेच एक अंग आहे.

दुसरा आक्षेप उपदेशाच्या रूपाने येतो: ‘लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, आपोआप जाईल.’ गर्भारपणात काहींना उतार पडतो हे खरे. पण केवळ उपचार म्हणून गर्भ धारण करण्याचा सल्ला देऊ नये, असे युरोपातील तज्ज्ञांनी 2022 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नमूद केले आहे. आणि तिसरा, याहून भयंकर: ‘पिशवीच काढून टाका.’ गर्भाशयाबाहेर पसरलेली व्याधी केवळ गर्भाशय काढल्याने निश्चित जाते असे नाही, ही साधी गोष्ट पुष्कळांना कुणी सांगितलेलीच नसते. आमच्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या फडांत कोयता घेऊन बीडकडून येणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण यासंबंधी डोळ्यांत अंजन घालणारे आहे. त्यांची व्याधी हीच होती असे माझे म्हणणे नाही; परंतु 2019 च्या सुमारास त्यांच्या शस्त्रक्रियांची शासकीय चौकशी झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात तपासलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. एका खाड्याचा दंड जिथे परवडत नाही, तिथे ‘दोन दिवस पडून राहा’ या सल्ल्यापेक्षा शस्त्र स्वस्त वाटते.

चौथा आक्षेप नव्या मंडळींचा. पाळीच्या रजेची सवलत दिली तर मालक स्त्रियांना नोकरीच देणार नाहीत, ही भीती 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवली व धोरणाचा निर्णय सरकारवर सोपवला. भीती निराधार नाही. तरीही कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडल्या कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने 2025 च्या ऑक्टोबरात वर्षाला बारा दिवसांची पगारी रजा मंजूर केली, हे मला स्वागतार्ह वाटते. माझी तक्रार निराळी आहे. ही रजाही पाळीच्या नावानेच ओळखली जाते. मस्टरवर पाळीचा दिवस लिहिता येतो, पाळीनंतरच्या दिवसाला रकाना नाही.

मग करावे काय? प्रथम, जे मोजले जात नाही ते लिहून काढावे. 1886 साली कोल्हापूर दरबाराने आनंदीबाई जोशी यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमणूक केली, ती बायकांची न सांगितली जाणारी दुखणी ऐकायला बाई असावी या विचाराला धरूनच होती. रुजू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी 1887 मध्ये त्या निवर्तल्या. पुढे त्याच रुग्णालयाचे सी. पी. आर. झाले, आता बायकांना बाई-डॉक्टर मिळतात. परंतु कळेची कहाणी सांगून बाई थकव्याची कहाणी आपल्याशीच ठेवते. निदानालाच सामान्यतः चार ते बारा वर्षे लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून व्याधी नाही असेही ठरत नाही. अशा वेळी तारीखवार रोजनिशी हाच रुग्णाचा दाखला.

बहिणीने ती ठेवली, आणि तीतूनच तिचा क्रम बसला. गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच, पण कळ शिगेला पोहोचण्याची वाट न पाहता, आणि पोटात अन्न असताना. हिमोग्लोबिन तपासले तर ते उतरलेले निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संप्रेरकांच्या उपचाराने कळा विरळ झाल्या. परंतु सर्वांत अवघड गेले ते, बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सारी कामे उरकून न टाकणे. कारण त्या उरकण्याची वसुली पुढचे तीन दिवस होत असे. आता ती शक्ती थोडी शिल्लक असतानाच थांबते. संध्याकाळी रंकाळ्याला पूर्ण फेरी न घालता मधूनच परत फिरते, कट्ट्यावर पाच मिनिटे टेकते, घरी येऊन कंबर शेकते. वहीत एके दिवशी एवढेच लिहिलेले पाहिले: ‘कळ नाही. तरी दमणूक बारा आणे.’

त्याच आठवड्यात मी पुन्हा गेले, तेव्हा परात सासूबाईंपुढे होती. कोणी सांगितले नव्हते. भाकरी थापता थापता त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “आमच्या थोरल्या जाऊबाई होत्या. चौथ्या दिवशी नदीला यायच्या न्हाईत. पोरबाळ न्हवतं. आम्ही सगळ्या त्यांना कामचुकार म्हणत होतो.” आणि भाकरीवर पाणी फिरवून त्यांनी ती उलटली.