बायसच्या पुढचा शब्द

चार्जशीट हातात पडलेल्या आपल्या माणसांचे अर्ज आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यात एक वाक्य हमखास असते : 'साहेबांचा माझ्यावर आकस आहे.' प्रशासनाचे उत्तरही ठरलेले. 'बेसलेस ॲलिगेशन', 'व्हेग ॲलिगेशन', 'मिअर सस्पिशन'. साहेबी इंग्रजीत आरोप एकटा कधी येत नाही. त्याच्यापुढे एक शब्द चिकटवला की तो तिथेच मेला. कामगाराने चार पाने लिहायची आणि कार्यालयाने ती दोन शब्दांत केराच्या टोपलीत टाकायची, असा हा खेळ आहे.

पण त्याच इंग्रजीत दुसऱ्याही जोड्या आहेत : 'रियल लाइकलीहुड ऑफ बायस', 'रिझनेबल ॲप्रिहेन्शन ऑफ बायस'. म्हणजे पक्षपाताची खरीखुरी शक्यता, पक्षपाताची रास्त भीती. १९६९ च्या क्रैपाक खटल्यात वनखात्याचा एक अधिकारी निवड मंडळावर बसला होता आणि स्वतःच उमेदवारही होता. त्याच्या मनात काय होते ते सिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले नाही. तशी शक्यता मानायला रास्त कारण आहे, एवढे पुरे मानले. १९८७ च्या रणजित ठाकूर खटल्यात तर न्यायालयाने स्पष्ट केले की, न्याय देणाऱ्याने स्वतःच्या मनात डोकावून 'मी निःपक्षपाती आहे ना' असे विचारायचे नसते, समोरच्याला काय वाटेल ते पाहायचे असते. तो अर्जदार सैन्यातला साधा सिग्नलमन होता.

कोलकात्याचे उच्च न्यायालय एस्प्लनेड रोवर आहे. (एस्प्लनेड कोर्ट आपल्या मुंबईतही आहे, पण ते मॅजिस्ट्रेटचे.) तिथून जवळच, धरमतल्याला, मोर्चे आणि धरणी होतात. आपला नागपूर विभाग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता, मुख्यालय गार्डन रीच. गोंदियाच्या गँगमनची रिव्हिजन कोलकात्याला जायची : मराठीत सोसलेले, हिंदीत सांगितलेले, कुणाकडून तरी इंग्रजीत टाइप करून घेतलेले. वाटेत 'आकस' कुठे गळून जायचा कळत नसे. एस्प्लनेडच्या मैदानात घोषणा चालते. एस्प्लनेड रोवर घोषणा चालत नाही, तिथे जोडशब्द आणि त्यामागची तारीख, वार, साक्षीदार लागतो.

आता साहेबलोकांच्या शिबिरांतून 'अनकॉन्शस बायस' नावाची नवी जोडी आली आहे. नकळत झालेला पक्षपात! माणसाच्या मनात असे असते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याची बढती गेली त्याची ती नकळत गेली नाही, आणि शिबिराचे सर्टिफिकेट भिंतीवर लावून ती परतही येत नाही.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरण संघटनेच्या खटल्यात निकाल दिला : सरकारी पक्षाने एकट्याने लवाद नेमायचा किंवा आपल्याच यादीतून निवडायला दुसऱ्याला भाग पाडायचे, हे समानतेच्या विरुद्ध आहे. चांगला निकाल. कंत्राटदाराला मिळाला. पण आपल्या ट्रॅकमनला चार्जशीट देणारा अधिकारीच आजही चौकशी अधिकारी नेमतो, हवे तर स्वतः चौकशी करतो, आणि शिक्षाही तोच देतो. कंत्राटदाराची बिले महत्त्वाची आणि आमची भाकरी नाही काय?

(पोस्टात रूल १४ म्हणजे रीतसर चौकशी, रेल्वेत रूल १४ म्हणजे चौकशीच नको, सरळ घरी. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने अशा बडतर्फ्यांवर शिक्कामोर्तब केले. तो हिशेब वेगळा.)

९ नोव्हेंबर १९७२ चा केंद्र सरकारचा आदेश प्रत्येक शाखेच्या फायलीत हवा. चौकशी अधिकाऱ्याविरुद्ध बायसचा अर्ज आला की चौकशी थांबवावी आणि अर्ज कागदपत्रांसह वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे त्यात आहे. म्हणून 'साहेबांचा राग आहे' असे लिहून थांबू नका. साहेब त्याच प्रकरणात साक्षीदार आहेत काय? १९५७ च्या मोहम्मद नूह खटल्यात चौकशी करणारा अधिकारीच मध्ये उठून साक्ष देऊन आला आणि पुन्हा खुर्चीवर बसला. न्यायालयाने ती चौकशी दोषी ठरवली, पण बडतर्फी राज्यघटनेच्या आधीची म्हणून हवालदार हरला. तुम्ही राज्यघटनेनंतरचे आहात. साहेबांनी तुमच्याविरुद्ध आधी रिपोर्ट केला असेल तर त्याचा नंबर आणि तारीख अर्जात लिहा, खाली 'रिझनेबल ॲप्रिहेन्शन ऑफ बायस' असे ठळक लिहा, पोच घ्या, आणि नक्कल शाखा कार्यालयात आणून द्या.