साखर एका आकड्यात कळत नाही

‘डॉक्टर, साखर २१० आली, गोळी वाढवू का?’ असे निरोप हल्ली मोबाईलवर रोज येतात. ही साखर जेवणाआधीची की नंतरची, सकाळची गोळी घेतली होती का, आदल्या दिवशी लग्नाची पंगत झाली होती का, यातले काहीच कळवलेले नसते. अशा एकट्या आकड्यावर औषध बदलणे हा अंदाजपंचे कारभार होय.

तरीही मधुमेही रुग्णाने फोनचा उपयोग जरूर करावा, असे माझे मत आहे. दवाखान्यात रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतो. साखर मात्र रोज घरीच सांभाळावी लागते. मधल्या काळात विचारायला कोणी नसले की ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या बंद होतात. केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्येच जाहीर केली. सरकारची ई-संजीवनी सेवाही मोफत आहे. सोय झाली, आता शिस्त हवी.

घरी ग्लुकोमीटर असल्यास हात धुऊन, कोरडे करूनच तपासणी करावी. बोटाला गोड लागलेले असेल तर आकडा खोटा वाढतो. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर दोन तासांनी आणि घेतलेले औषध वहीत लिहावे. आठवड्याच्या त्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवावा. फोन मुलाच्या खिशात असला तरी वही आईच्या हाताशी असावी.

फोनवरून पायाची बधिरता किंवा डोळ्याचा पडदा तपासता येत नाही. त्यामुळे एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी, तर डोळे, पाय व मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावीच. साखर ७० च्या खाली गेली, घाम व थरथर सुटली, तर उत्तराची वाट पाहू नये. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा.

आम्हा डॉक्टरांनीही फोनसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावी आणि वाजवी फी आधीच सांगावी. घाईघाईत दिलेल्या फुकटच्या उत्तराने रुग्णाचे हित होत नाही. आपण उत्तर दिले नाही, तर ‘कारल्याचा रस घ्या, गोळ्या सोडा’ असे सांगणारे निरोप त्याच फोनवर येतच असतात.