फळं वाटून झाली, आता न्हाणीघर पाहा

रमजान आला की वृद्धाश्रमांत केळी-सफरचंदांच्या पेट्या पोहोचतात. ईदला शिरखुर्मा जातो, थंडीत ब्लँकेटं जातात, फोटोही निघतात. देणाऱ्यांच्या नियतीवर आमचा आक्षेप नाही. पण तिथल्या न्हाणीघरात आपल्यापैकी किती जण डोकावतात? फरशी गुळगुळीत, धरायला दांडी नाही, उंबरठा उंच. तिथे पडून खुब्याचं हाड मोडलेल्या दादीला आपलं ब्लँकेट काय कामाचं?

दिघ्याला हा विषय दूरचा नाही. १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले आणि त्यांच्यामागे कामगार आले. ती पिढी आता थकली आहे. टेकडीवरच्या पायऱ्या चढणं त्यांना होत नाही, एका खोलीच्या घरात खाट मावत नाही. दुसरीकडे, याच वस्त्यांतल्या बाया ऐरोली-ठाण्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला जातात. सांभाळ लागणारे आपलेच आणि सांभाळणारेही आपलेच.

‘आपल्यात वृद्धाश्रम नसतात’ असं आपल्या मोहल्ल्यात अभिमानाने म्हटलं जातं. आई-वडिलांना ‘उफ’सुद्धा म्हणू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती खरीच आहे. पण ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांची मुलं आधीच गेली, ज्या बाईला तलाकनंतर माहेरही उरलं नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी चांगली जागा असणं यात समाजाची बेइज्जती नाही. वाईट जागा असणं, हीच बेइज्जती.

सरकारने काय केलं, तेही पाहू. वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची राज्याची योजना १९६३पासून आहे. १९९५मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, पण ती कायम विनाअनुदान तत्त्वावर. म्हणजे रोजचा खर्च संस्थेनेच उभा करायचा. २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. मात्र त्यातला शब्द ‘सरकार स्थापन करू शकेल’ असा आहे, ‘करावाच लागेल’ असा नाही. एवढ्या एका शब्दामुळे जबाबदारी ढकलता येते.

इमारत सुधारायला दरवेळी करोडो लागत नाहीत. सार्वत्रिक सुगमतेसाठी केंद्राने २०२१मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना साध्या आहेत. १ फूट उंची चढायची तर उताराची लांबी किमान १२ फूट हवी. दार ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३ फूट मोकळं हवं, तरच व्हीलचेअर आत जाते. संडासाशेजारी भिंतीत पक्की दांडी हवी. ही कामं आपल्याच वस्तीतले गवंडी, वेल्डर, प्लंबर काही दिवसांत करू शकतात.

इमारत कायदेशीर आहे का, हा प्रश्न तर दिघेकरांना शिकवायला नको. २०१५मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईची टांगती तलवार आली, ते दिवस आपण विसरलेलो नाही. धडधाकट माणसांची तेव्हा ती अवस्था झाली. खाटेवरून उठू न शकणाऱ्यांना कोण, कुठे हलवणार? १ जानेवारी २०२३च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाश भागातल्या एका ज्येष्ठांच्या निवासगृहाला आग लागून दोन वृद्ध महिला गेल्या. तो भाग श्रीमंतांचा आहे. आग वस्ती बघून लागत नाही.

आता सेवा करणाऱ्या मावशींकडे वळू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. असे दहा जण असतील आणि प्रत्येकाला दहा मिनिटं लागत असतील, तर १२० मिनिटांतली १०० यातच जातात. रात्रपाळीला एकच मावशी असेल तर पाणी कोण देणार, कपडे कोण बदलणार? तिला उचलायची पद्धत कुणी शिकवलेली नसते, म्हणून तिची कंबर जाते. मग ती काम सोडते, नवीन येते आणि म्हाताऱ्यांना पुन्हा अनोळखी हातांची सवय करावी लागते. मावशीचा वेळेवर पगार, आठवड्याची सुट्टी आणि रात्री सोबतीला आणखी एक माणूस हीच म्हाताऱ्यांची खरी दवा आहे.

इथे दान देण्याची आपली पद्धत आडवी येते. जकात गरजूच्या हाती, त्याच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून बांधकामाला किंवा पगाराला ती चालत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. ठीक आहे. जकातीतून निराधारांच्या औषधाला हातभार लावू. पण लिल्लाह आणि सदका-ए-जारिया यांना तशी अट नाही. मशिदीत पंखा दिला तर सवाब चालू राहतो असं आपण मानतो. मग न्हाणीघरातल्या दांडीचा का नाही?

दोस्तांनो, २०२४पासून दिघा गाव स्टेशन सुरू आहे, लोकलने पलीकडच्या गावात जाणं सोपं झालं आहे. पुढच्या रविवारी जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात जा. वृद्ध कोणत्याही धर्माचे असोत. आधी परवानगी घ्या, मोबाइल खिशात ठेवा आणि चार गोष्टी विचारा: भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमनाचा दाखला आहे का? शेवटचं कोण, कुठे पडलं? रात्री किती माणसं कामावर असतात? त्यांचा मागच्या महिन्याचा पगार कधी झाला? संस्थेने २५ निराधार ज्येष्ठांच्या गृहासाठी मिळणाऱ्या केंद्राच्या अनुदानाला अर्ज केला नसेल, तर तो भरायला बसा. कागदपत्रं जमवणं तुम्हाला जमतं, तिथल्या थकलेल्या व्यवस्थापकाला जमत नसेल.

एका मोहल्ल्याने एका मावशीचा वर्षभराचा पगार उचलला, तरी सुरुवात झाली. फळंही जरूर न्या, पण ती कापून भरवायला तिथे कुणीतरी असायला हवं.