तोंडात डोकावणार कोण?

धूम्रपान म्हटले की फुप्फुसे आठवतात, फार तर हृदय आठवते. धूर ज्या दारातून आत शिरतो त्या तोंडाची आठवण मात्र दात हलू लागल्यावाचून होत नाही. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. कारण या बाबतीत तंबाखू मोठा लबाड आहे. हिरड्यांना रोग जडला की दात घासताना रक्त येते, ही निसर्गाची पूर्वसूचना होय. निकोटिनमुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त फारसे येतच नाही. वरून हिरडी धडधाकट दिसते. आत दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते.

गोमंतकाला हा विषय परका नाही. ब्राझीलमधील बाहियाचा तंबाखू एके काळी येथे उतरत असे व त्याच्या मक्त्यावर पोर्तुगीजांची तिजोरी भरत असे. ते राज्य १९६१ साली गेले, तंबाखू राहिला. आमच्या खेड्यांतून धुमटी ओढली जाई आणि कित्येक स्त्रिया तिचे पेटते टोक तोंडात धरून ती ओढीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी ५,४४९ गोमंतकीय ग्रामस्थांची तोंडे तपासून या उलट्या धुमटीविषयीचा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केला. निखाऱ्याची धग अशा वेळी थेट टाळूला लागते. तेथे पांढरे चट्टे उठतात आणि पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. आंध्र किनाऱ्यावरील श्रीकाकुळम भागात उलटा चुट्टा ओढणाऱ्यांतही हेच आढळले होते. आजच्या तरुणांना धुमटी कदाचित ठाऊकही नसेल. परंतु सिगारेट सुलट धरली म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, तो पाहण्यास क्ष-किरण यंत्र लागत नाही. चांगला उजेड आणि शिकवलेली नजर पुरते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. इतके स्वस्त औषध दुसरे कोणते असेल? आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर माणसांपैकी जेमतेम एकाची तोंडतपासणी कधी काळी झाल्याचे आढळले!

गोवा विधानसभेने सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास बंदी घालणारा कायदा १९९७ सालीच केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००३ साली आला. हा अग्रमान आम्हास भूषणावह वाटतो. परंतु कायदा रस्त्यावरचा धूर हटवतो, तोंडातला चट्टा पाहत नाही. पाकिटावरील भयानक चित्रही सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्तदाब मोजतात तितक्याच सहजतेने, विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे तोंड उघडून पाहिले गेले पाहिजे. या कामी परिचारिकांना शिकवण्यास बांबोळीचे दंत महाविद्यालय आहेच. व्यसन सुटल्यास तोंडाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका पाच ते दहा वर्षांत निम्म्यावर येतो, हेही तेथेच सांगावे. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारे व्रण किंवा न जाणारा पांढरा-लाल चट्टा ज्याला दिसेल, त्याने शासनाची वाट पाहू नये, दंतवैद्य गाठावा.