हजेरी संपली नाही, कॉम्प्युटरात गेली

मी धरणगावचा. आमच्या गावात १८२५ साली औट्रम नावाच्या गोऱ्या साहेबानं भिल्ल पलटणीचं ठाणं मांडलं. भिल्लांना धरायला भिल्लांच्याच हातात बंदुका दिल्या. मग आला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पोर आईच्या पोटातून पडायच्या आधीच गुन्हेगार. नाव रजिस्टरात, अंग हजेरीला. १९५२ साली कायदा रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कात टाकली, साप तोच.

आता साप कॉम्प्युटरात शिरलाय. २००९ साली दिल्लीनं दोन हजार कोटींची सीसीटीएनएस योजना मंजूर केली. देशातली पोलीस ठाणी एका जाळ्यात. महाराष्ट्रात २०१५ पासून ती चालू आहे. २०२२ च्या कायद्यानं बोटांचे ठसे, तळवे, डोळ्यांची बुबुळं घ्यायची आणि पंचाहत्तर वर्षं ठेवायची. माझ्या बापानं तर साठीही बघितली नाही!

निर्दोष सुटलात तर पुसू, असं कायदा म्हणतो. पण आधी कधी तुरुंगाची शिक्षा झाली नसेल त्याचंच. तेही वरची कोर्टं संपल्यावर. आणि मॅजिस्ट्रेट म्हणाला ठेवा, तर ठेवायचंच. हमालानं वरची कोर्टं कशी चढायची?

आमचेच काही शिकलेले मित्र म्हणतात, मशीनला जात नसते. खरंय दोस्ता, मशीनला नसते. पण तिच्यात नाव भरणाऱ्या हाताला असते ना! गोदीत एकदा माल हरवला. पहिले उचलले कोण? मी आणि एक पारधी पोरगा. रात्रभर फरशीवर बसवलं. सकाळी माल दुसऱ्याच गोदामात सापडला. माफी कोणी मागितली नाही. वहीत नावं मात्र चढली. आता वहीतलं मशीनमध्ये भरायचं, की झाला पुरावा!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयानं पोलिसांच्या कागदांतून आरोपीची जात काढायला सांगितलं. चांगलं झालं. पण डोक्यातला रकाना कोण काढणार? १ जुलै २०१८ ला आपल्याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. फोनवरची अफवा निमित्त झाली. भटक्यावरचा संशय दीडशे वर्षं कायद्यानंच पेरलेला होता.

जात लिहायचीच तर ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीत लिहा. तिथं मात्र तुमचं पेन अडतं!

म्हणून दोस्तहो, नुसत्या घोषणा पुरेत. ठाण्यात जाऊन विचारा, माझ्या नावापुढं काय लिहिलंय? सुटलेल्यांची नोंद पुसायचा अर्ज वस्तीवस्तीत लिहून द्या. मी मॅट्रिक आहे, माझं अक्षर बरं आहे. रात्रपाळी नसेल तेव्हा या, मी लिहून देतो.

आजोबांचा अंगठा साहेबानं घेतला. आमचा फुकट मिळणार नाही.