बंदुकीची नळी आणि तुरीचं वावर

तूर शेंगांवर आली की कौंडण्यपूरच्या पारावर एक चर्चा हमखास रंगते. रात्री कोणाच्या वावरात डुकरांचा कळप शिरला, किती तासं आडवी झाली, रोह्यांनी हरभऱ्याचे शेंडे कुठपर्यंत खुडले, इथून ती सुरू होते आणि ‘एक चांगली हलकी रायफल पाहिजे’ इथे येऊन थांबते. थांबते कसली, तिथून नवा वाद सुरू होतो. मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहणारी पोरं सांगतात की नळी लांबच हवी, लांब नळीची गोळी लांब जाते. जुनी माणसं म्हणतात, आखूड बरी, मचाणावर वागवता येते.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने बंदुकीबद्दल लिहिलं की काहींच्या भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच उघडपणे लिहितो. हा प्रश्न पिकाचा आहे, जनावराच्या वेदनेचा आहे आणि वावरात जागलीला झोपणाऱ्या माणसाच्या जिवाचा आहे. या तिन्हींचा विचार केला तर माझं उत्तर असं : आपल्या भागासाठी 20 ते 22 इंच नळीची हलकी रायफल योग्य, पण ती घरोघर नको. तालुक्यातल्या मोजक्या, परीक्षा दिलेल्या माणसांच्या हातातच ती असावी.

आधी कायदा पाहू, कारण नळीची लांबी आपल्याकडे कायद्यातच लिहिलेली आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये म्हटलंय की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक मागता येते, आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. रायफल मात्र यात बसत नाही. तिच्यासाठी सबळ कारण वेगळं दाखवावं लागतं. म्हणजे कायद्याने 20 इंचांची रेघ ओढली ती चादरीखाली बंदूक लपवणाऱ्याकडे पाहून. शेतकऱ्याला काय लागतं, हा विचार त्या रेघेत नाही. दरोडेखोराच्या मापाने शेतकऱ्याची बंदूक मोजली गेली.

आणि शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती भरमार. तिची नळी लांबलचक असते, त्यालाही कारण आहे. काळी दारू जळून जो दाब देते तो मर्यादित असतो. त्या दाबाला गोळी ढकलत न्यायला लांब रस्ता लागतो. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि हे गणितच बदललं. थोड्या दारूत कितीतरी जास्त जोर मिळू लागला, नळ्या आखूड होत गेल्या. ‘लांब नळी म्हणजे भारी बंदूक’ हा आपल्या पारावरचा समज त्या काळ्या दारूच्या जमान्यातला आहे. दारू गेली, समज राहिला.

आता आकडे. मध्यम ताकदीच्या शिकारी काडतुसात नळी एक इंच कमी केली की गोळीचा वेग साधारण 20 ते 30 फूट प्रति सेकंद घटतो. 24 इंचांवरून 20 वर आलो तर फार तर शंभर-सव्वाशे फुटांचा फरक. मूळ वेग 2,700 च्या आसपास असेल तर ही घट शेकडा चार-पाच. हजार मीटरवर कागद फोडणाऱ्याला ती जाणवेल. तुरीच्या धुऱ्यावर, पन्नास-साठ पावलांवर उभ्या असलेल्या डुकराला ती जाणवणार नाही.

मग आखूड नळीने वजन किती वाचतं? इथे लोक फसतात. बारीक नळीच्या टोकाचे चार इंच कापले जातात तेव्हा जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम लोखंड कमी होतं, चहाच्या दोन कपांएवढंही नाही. पण हे वजन हातापासून सर्वांत लांब असतं, म्हणून ते गेलं की रायफल पटकन फिरते. मचाणाच्या बल्ल्यांत, कपाशीच्या पऱ्हाट्यांत, बैलगाडीच्या ताट्यात नळी अडकत नाही. आखूड नळीचा खरा फायदा हा वळण्याचा आहे. तोटाही तिथेच आहे : टोक हलकं झालं की ते श्वासाबरोबर डुलतं. उभ्याने नेम धरायचा तर जड टोक बरं. मचाणाच्या आडव्या बल्लीवर हात टेकवून धरायचा तर हलकंही चालतं.

नेमावरून एक शब्द सांगतो, मास्तरकीची खोड. मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे पूर्वी नेम धरणे होतं, आणि उर्दूत ‘शिस्त बांधना’ आजही त्याच अर्थाने येतं. फारसीतून आलेला हा शब्द तिरंदाजाच्या अंगठ्याशी आणि नेमाशी जोडलेला. मराठीत तो शाळेच्या फळ्यावर जाऊन बसला आणि मुलांना ओळीत उभं करू लागला. बर्क म्हणजे वीज, ती फेकणारा बरकंदाज. तोही आपल्याकडे आला आणि आडनावांत, पोवाड्यांत उरला. असो.

फार आखूड नळीचं काय होतं, याचा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळालेला आहे. इंग्रजांच्या लष्करी एन्फील्ड रायफलची नळी 25 इंचांहून थोडी जास्त. जंगलातल्या लढाईसाठी त्यांनी 1944 च्या सुमाराला तिची हलकी आवृत्ती काढली, पावणेएकोणीस इंच नळीची, जंगल कार्बाइन म्हणून ओळखली जाणारी. वजन चार किलोंवरून सव्वातीनवर आलं. आणि तक्रारी सुरू झाल्या : खांद्याला जबर धक्का, तोंडाशी आगीचा एवढा झोत की टोकाला शंकूच्या आकाराचं झाकण बसवावं लागलं, आणि आज साधलेला नेम उद्या सरकलेला. काडतूस तेच, नळी आखूड, तर न जळलेली दारू बाहेर येऊन जळते. वावरात आपण रात्री बसतो. पहिल्या बाराच्या उजेडाने डोळे दिपले तर दुसरा बार आंधळा. कानाचीही तीच गत, नळीचं तोंड कानाला जितकं जवळ तितका दणका जास्त. म्हणून 18 नको. 20 ही खालची हद्द आणि 22 असेल तर मला जास्त आवडेल. साध्या माशी-चापाने नेम धरणाऱ्याला त्या दोन इंचांचा आणखी एक फायदा होतो, माशी आणि चाप यांच्यात अंतर जितकं जास्त तितकी नेमातली चूक कमी.

नळी बारीक असली की तीन-चार बारांत तापते आणि गोळ्या पसरू लागतात, हा आक्षेप खरा आहे. पण जागलीवर बसलेल्याला एका रात्रीत तीन-चार बार टाकायची वेळ येत असेल तर दोष नळीत नाही. जिम कॉर्बेटला चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर 1907 साली जी .275 ची रिग्बी रायफल भेट मिळाली ती हलक्या जातीचीच. ती त्याच्याबरोबर डोंगर चढत होती, हा तिचा मोठा गुण.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्यावर पारावर कोणी बोलत नाही. रायफलची गोळी चुकली तर ती तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपला मुलूख सपाट. कौंडण्यपूरच्या घाटावर उभं राहिलं तर समोर वर्धा नदी आणि पलीकडे वर्धा जिल्हा. इथे चुकलेली गोळी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्याच्या मचाणावर जाऊन लागू शकते. कायद्याला रायफलची भीती वाटते ती उगाच नाही. त्यावर उपाय नळीत नाही, मचाणात आहे. बारा-चौदा फूट उंचीवरून, जवळच्या जनावरावर खाली रोखून मारलेली गोळी काळ्या मातीत जाते. जमिनीवरून आडवी मारलेली कुठे जाईल ते अल्ला जाणे. म्हणून मी म्हणतो, रायफलच्या परवानगीबरोबर अंतराचं बंधनही घाला : शंभर पावलांपुढे बार नाही, मागे माती दिसत नसेल तर बार नाही.

मग भरमारच काय वाईट, तिची गोळी तरी लांब जात नाही, असं कोणी म्हणेल. वाईट हे की ती मारत नाही, जखमी करते. दवाने ओल धरलेली दारू कधी उडते, कधी फुसकते. उडाली तर धुरात पुढचं दिसत नाही, आणि पुन्हा ठासेपर्यंत छर्रे खाल्लेलं डुक्कर शेजारच्या वावरात जाऊन बसतं. सकाळी तूर सोंगायला आलेल्या बायांना ते भेटतं. आमच्याकडे लहानपणापासून सांगतात की जबह करायचं तर सुरी धारदार हवी, जनावराला तडफडत ठेवणं गुनाह. डुक्कर आम्हाला हराम, ते खायचा प्रश्नच नाही, आणि परवानगीने मारलेलं जनावर कायद्याने सरकारचंच असतं. पण हराम जनावराच्या वेदनेला सूट नाही. एका बारात मरण देणारं हत्यार हे इथे रहमीचंच हत्यार आहे.

जे पर्याय आज चालू आहेत ते पाहा. जुन्या साड्यांचं कुंपण, ज्याला डुकरं आठवडाभर घाबरतात. सौर झटका मशीन, हे त्यातल्या त्यात बरं, पण सगळ्यांना परवडत नाही. आणि चोरून तारेत सोडलेला घरगुती करंट. या करंटने विदर्भात वाघ मेले, बिबटे मेले, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली माणसंही मेली. तार निवड करत नाही. बंदुकीमागे निदान एक डोळा असतो.

कागदावर वाट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 11 पिकाची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देऊ देतं, आणि राज्याच्या 2015 च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोह्यांसाठी शेतकऱ्याला वनखात्याकडे अर्ज करता येतो. पण परवानगीचा कागद डुकराला दाखवून भागत नाही. बार कोण टाकणार आणि कशाने? निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा, मग हरभरा कोणत्याही अवस्थेत असो. 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात रोही मारायला हैदराबादहून नेमबाज आणावे लागले, दोनशेच्या वर जनावरं पडली आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत जुंपली. केरळने 2022 मध्ये दुसरी वाट धरली : डुकरांबाबतचे अधिकार ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिले, आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची मदत घेतली. मला केरळची वाट आपल्याला जवळची वाटते. तिवसा तालुक्यात आठ-दहा माणसं निवडा, जातधर्म न पाहता, निशाण्यावर परीक्षा घेऊन. रायफली वनखात्याच्या ताब्यात ठेवा, रात्रीपुरत्या द्या, गोळ्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या. इशापूरच्या सरकारी कारखान्याने वर्षानुवर्षं .315 च्या रायफली बनवल्या आहेत, परदेशाकडे पाहायची गरज नाही.

डुकरं का वाढली, नाले कोणी बुजवले, झुडपी जंगल कोणी नांगरलं, हा वेगळा आणि मोठा लेख आहे. तो लिहायचा आहे. पण तो लिहून होईपर्यंत यंदाची तूर थांबणार नाही.

ज्यांच्या घरी आजोबांच्या नावची, परवान्यावर चालत आलेली लांब नळीची बंदूक आहे, त्यांना एक शेवटचं सांगणं. हा लेख वाचून चार इंच कापून घ्यायला ती लोहाराकडे नेऊ नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा त्याच अधिनियमाच्या कलम 6 खाली गुन्हा आहे, आणि शिक्षा जबर आहे. शिवाय करवतीने कापलेल्या तोंडातून गोळी सरळ जात नाही.