हात काळे करण्याची लाज

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आणि भाचा पुण्याहून आले, तेव्हा मी अंगणात गोणपाट टाकून आमच्या जुन्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकाशी बसलो होतो. चाक काढलेलं, कोपरापर्यंत ग्रीस, शेजारी पाने आणि दोन हातोड्या. भाचा फाटकातूनच ओरडला, "मामा, अहो हे काय वय आहे का? मेकॅनिकला फोन करायचा ना!" आणि बहिणीने आत जाऊन हळूच विचारलं, "वहिनी, पेन्शन वेळेवर येते ना?"

पेन्शन वेळेवर येते. पण त्या दोन वाक्यांनी जे डोक्यात घर केलं ते अजून जात नाही, म्हणून आज लिहून टाकतो. कोणाला लागलं तर लागो.

आधी गाडीला काय झालं होतं ते सांगतो. नारायणगावहून घोडेगावला जाता-येता आमच्याकडे गतिरोधकांची काय रेलचेल आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याची जी चाळण होते ती वेगळीच. तर गतिरोधकावरून हळू उतरताना डाव्या बाजूने 'खट् खट्' असा आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित हलवलं तर चाकाला ते उशिरा कळे. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "सगळा स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल."

मी घरी आलो. पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली पक्के लोखंडी स्टँड लावले. मग चाक डाव्या-उजव्या बाजूंनी, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, दोन हातांनी धरून हलवलं. चाक हललं. वर-खाली, म्हणजे बारा आणि सहावर धरून हलवलं. नाही हललं. नऊ-तीनला हललं की संशय स्टिअरिंगच्या सांध्यांवर, बारा-सहाला हललं की लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर किंवा चाकाच्या बेअरिंगवर. एवढं साधं हे निदान आहे. मग मुलाला स्टिअरिंग हलवायला बसवून मी सांध्यावर बोट ठेवलं. रॅक ठणठणीत होता. त्याच्या टोकाचा टायरॉड एंड, काही शे रुपयांचा, झिजला होता. त्याचं रबरी बूट फाटून आत माती गेली होती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सहज म्हणून उजवी बाजू पाहिली. त्या बाजूचं काम वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये पैसे मोजून करून घेतलं होतं. तिथल्या खाचांच्या नटाला स्प्लिट पिनच नव्हती! नट दोन-तीन आटे सैल झालेला. ही दोन पैशांची पिन कशासाठी असते? तर धक्क्यांनी नट फिरून पडू नये म्हणून. नट पडला की तो सांधा आपल्या निमुळत्या भोकातून निसटतो, आणि मग तुम्ही स्टिअरिंग कुठेही फिरवा, ते चाक आपल्या मर्जीने जातं. पुढच्याच आठवड्यात आम्ही नातवंडांना घेऊन माळशेज घाटात जाणार होतो. पुढचं वाक्य मी लिहीत नाही.

आता मला सांगा, 'जिवाशी खेळ' कोणता? मी अंगणात बसून केलं तो, की वर्षभर डोळे मिटून चालवली तो?

"स्टिअरिंगचं काम घरी करू नये" असं म्हणणाऱ्यांचं मी नीट ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य आहे. धोका कुठे आहे हे मीच सांगतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये, एका मिनिटासाठीसुद्धा. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवरची स्प्रिंग दाबलेली असते. ती बांधून धरायचं साधन नसताना उघडली तर तोंड फोडेल. ते काम मी स्वतः गॅरेजलाच देतो. स्वस्तातला नकली सांधा घेऊ नये. आणि काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच. हे शेवटचं मी फजितीतून शिकलो. पहिल्यांदा जुना सांधा काढताना किती फेरे फिरले ते मोजले, नवा तितकेच फेरे बसवला आणि वाटलं, झालं! गणित शिकवणाऱ्या मास्तराला आणखी काय हवं? फेरे मोजल्याने गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत नीट जाते, एवढंच. मी गेलोच नाही. पावसाळा संपेपर्यंत एका टायरची आतली कड घासून गुळगुळीत. ती चूक माझी.

पण या सगळ्याचा अर्थ "हात लावू नका" असा होत नाही. "समजून हात लावा, आणि जे समजत नाही ते सोडून द्या" असा होतो. नाहीतर मग गॅसचा रेग्युलेटरही कोणी बसवू नये.

आणि भाच्याच्या बोलण्यात धोका नव्हताच मुळी. त्याला खटकला तो ग्रीस. बहिणीला खटकला तो ग्रीस. बी.ए. झालेला, पस्तीस वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस जमिनीवर बसला, म्हणजे एकतर कंजूष झाला, नाहीतर पैशाला मोताद झाला! समोरचा शेतकरी विहिरीवरची मोटर स्वतः उघडतो, फवारणीचा पंप दुरुस्त करतो, त्याला कोणी पेन्शन विचारत नाही. कारण तो 'तसला' आणि आपण 'असले'. लोहार-सुतार गावाला हवेत, पण पंगतीत पलीकडे बसलेले हवेत, हीच ती जुनी खोड. कपडे तेवढे बदलले.

"हे काम मेकॅनिकचं" म्हणणाऱ्याला मेकॅनिकबद्दल आदर असतो असंही समजू नका. आळेफाट्याला रस्त्याकडेला भर उन्हात गाडीखाली पडलेल्या पोराला आपण "ए, किती वेळ लागेल रे?" असंच विचारतो. ज्याने एकदा तरी गंजलेला सांधा सोडवला आहे त्याला त्या पोराची किंमत कळते. निमुळता सांधा नुसता ओढून निघत नाही. नट थोडा आट्यावर ठेवून, सांधा ज्या डोळ्यात बसतो त्याला एका बाजूने हातोडी टेकवायची आणि दुसऱ्या बाजूने दुसरीने ठोकायचं, तेव्हा तो 'टक्' करून सुटतो. रबरी बुश बदलले तर शेवटचा आवळा गाडी चाकांवर उभी करून द्यायचा, अधांतरी नाही, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून फाटतं. हे मला अशाच एका पोराने शिकवलं. त्याला मी 'गुरुजी' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

आता जरा माझ्याकडेच बोट वळवतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आलाही. आणि आम्ही शिक्षकांनी त्याचं काय केलं? मी सांगतो, मी काय केलं. त्या तासाला मी राहिलेला गणिताचा भाग उरकला. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. मुलांना आम्ही खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी दाखवायला सहलीने नेलं. पण ज्या गाडीतून नेलं तिचं चाक कशाने वळतं हे एकालाही दाखवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

करता आलं नसतं असंही नाही. आमच्या आंबेगावला लागूनच शिरूर तालुक्यात पाबळ आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा शास्त्रज्ञ या कोरडवाहू गावात येऊन राहिला आणि शाळेतून गळालेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य हे सगळं हाताने करत करत शिकवू लागला. माझ्या घरापासून ते काही लांब नाही. नोकरीत असताना मी एकदाही तिकडे फिरकलो नाही. मला वाटायचं, ते 'नापासांसाठी' आहे. हा माज कुठून आला असेल?

असो.

गाडी विका म्हणणाऱ्यांनाही एकच सांगणं आहे. नवी घ्या, खुशाल घ्या. पण नव्या गाडीलाही टायरॉड एंड असतात आणि त्यांनाही पिन किंवा लॉकनट लागतो. वर्षा-दोन वर्षांनी तुम्हालाही त्याच अंधारात चालवायचं आहे.

त्या दिवशी भाचा चहा पिऊन बाहेर आला आणि जरा वेळ उभा राहिला. मी म्हटलं, "धर बघू चाक, नऊ आणि तीनवर." त्याने रुमाल काढला, चाकाला गुंडाळला आणि मग धरलं. हलवलं. "घट्ट आहे, मामा."

"आता तुझ्या गाडीचं बघू," मी म्हटलं.

"नको, उशीर होईल," म्हणाला आणि गेला. पुढच्या भाऊबीजेला रुमाल घरी ठेवून ये रे बाबा. जॅक आणि स्टँड माझ्याकडे आहेत.